अडाणी माणूस पाहिजे

हैदराबादेत हल्ली अडाणी माणूस मिळत नाही. संगणकाच्या बाबतीतला अडाणी, असे म्हणायचे आहे. बाकीच्या बाबतींत पुरवठा भरपूर आहे. १९९८ च्या नोव्हेंबरात माधापूरच्या खडकाळ माळावर सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि ही टंचाई सुरू झाली. आता काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार या जुन्या मराठी वस्त्यांतसुद्धा घरटी एक तरी माणूस 'हायटेक सिटीला' असतो. मुलगा नसेल तर जावई असतो, जावई नसेल तर भाडेकरू असतो. अमीरपेठेचे तर विचारूच नका. तिथे मैत्रीवनमच्या आसपास विजेचा खांब म्हणून दिसत नाही, नुसत्या क्लासच्या जाहिराती उभ्या असतात. कुणाची वाट पाहत अर्धा तास थांबले, तर माणसाला थोडेफार जावा येऊ लागते.

असा अडाणी माणूस आम्हाला हवा होता २०२२ च्या ऑगस्टमध्ये. आम्हाला म्हणजे माझ्या भाच्याला. भाचा लिनक्सवाला आहे, म्हणजे संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली बसवणारा. घरात एक लिनक्सवाला निघाला की बाकीच्यांची आपोआप दीक्षा होते, कारण यंत्र बिघडले तर तेच दुरुस्त करणार आणि दुसरे काही दुरुस्त करायला ते तयार नसतात. आमच्या घरात मी, माझी आत्या आणि तळमजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ अशा तिघांना या पोराने गेल्या काही वर्षांत बाटवले आहे.

काम होते ग्राफिकल अपग्रेडच्या चाचणीचे. लिनक्सच्या नव्या आवृत्त्या पंचांगाप्रमाणे निघतात. उबुंटू या लिनक्सच्या एका अवताराचे बघा: दर एप्रिलला एक, दर ऑक्टोबरला एक, आणि दोन वर्षांतून एकदा एप्रिलची आवृत्ती दीर्घायुषी. जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जायचे तर एक सरळ रस्ता असतो, सगळे पुसायचे आणि कोऱ्या पाटीवर नवे बसवायचे. दुसरा रस्ता अपग्रेडचा. त्यात आपले फोटो, पत्रे, पासवर्ड, भिंतीवरचे चित्र जागच्या जागी ठेवून खालची हजारभर पॅकेजे, म्हणजे प्रणालीचे सुटे भाग, एकेक करून बदलायची, आणि तीही यंत्र चालू असताना. वर्षानुवर्षे हे काम काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून होत असे. त्या खिडकीला टर्मिनल म्हणतात. ज्यांना ती वापरता येत नाही अशांसाठी लिनक्स मिंट या दुसऱ्या अवताराच्या मंडळींनी आपले अपग्रेडचे साधन नव्याने लिहिले, त्याला खिडकी आणि बटणे दिली, आणि त्या ऑगस्टमध्ये पक्के जाहीर करण्याआधी वापरणाऱ्यांना ते तपासून बघायची विनंती केली.

इथेच सगळी गोम आहे. ज्याला आज्ञा येतात त्याला बटण नको असते. ज्याला बटण हवे असते तो चाचणीला येत नाही, कारण अशी चाचणी असते हेच त्याला माहीत नसते. म्हणजे बटण तपासतो कोण? तर ज्याला त्याची गरज नाही तो. उपासाच्या खिचडीला मीठ बरोबर पडले का, हे बिनउपासाच्या माणसाने सांगण्यातला हा प्रकार. भाच्याने स्वतः करून पाहिले होते. कुठे अडले की त्याची बोटे आपोआप टर्मिनल उघडत, आज्ञा देत, अडचण सोडवत, आणि मग तो अहवालात लिही, "अडचण आली नाही." त्याच्या हापिसातल्या मित्रांचीही तीच कथा. समोर काही प्रश्न आला की ते वाचायच्या आधीच 'पुढे' दाबून मोकळे होतात. मजकूर इंग्रजीत होता की तेलुगूत, हे विचारले तर सांगता येत नाही.

"मामा, आम्ही या चाचणीला नापास आहोत," तो म्हणाला. "मला खराखुरा माणूस पाहिजे."

"कितीसे?"

"पाच पुरतात." जेकब नील्सन नावाच्या तज्ज्ञाने २००० साली लिहून ठेवले आहे म्हणे, की पाच साध्या माणसांना समोर बसवले की वापरातले बहुतेक दोष बाहेर पडतात. त्याच्या पुढच्या वर्षी सन मायक्रोसिस्टिम्सने ग्नोम हा लिनक्सचा डेस्कटॉप असाच बाहेरच्या माणसांसमोर ठेवून अभ्यास केला होता. ज्या गोष्टी बनवणाऱ्यांना सूर्यप्रकाशाइतक्या स्वच्छ वाटत होत्या, तिथे ती माणसे अडखळली, आणि त्यातूनच पुढे ग्नोमची रूपरेषा ठरवणारे नियम लिहिले गेले. हे सगळे ठीक. पण नील्सनसाहेबांना अमीरपेठ माहीत नव्हती. या शहरात पाच माणसे आणायची कुठून?

शोध सुरू झाला. दूधवाल्याचा मुलगा क्लाउडमध्ये निघाला. वॉचमनला विचारावे म्हटले, तर त्यानेच आमच्या वायफायचा पासवर्ड मागच्या महिन्यात बदलून दिला होता. शेवटी मी, आत्या आणि तळमजल्यावरचे गृहस्थ असे तिघेच उरलो. आयुष्यात पहिल्यांदाच आमच्या अज्ञानाला बाजारभाव आला होता, आणि खरे सांगायचे तर आम्ही जरा ताठ मानेने वावरत होतो.

इथे मिंटच्या नावांबद्दल सांगायला हवे, नाहीतर पुढचा घोळ कळणार नाही. उबुंटूच्या आवृत्त्यांना प्राण्यांची नावे असतात. दीर्घायुषींपैकी 'फोकल फोसा' झाली, तिच्यानंतर 'जॅमी जेलीफिश'. यातला फोसा हा मादागास्करमधला मांजरासारखा शिकारी प्राणी आहे, हे मला भाच्यामुळे कळले आणि त्याचा मला पुढे कधीही उपयोग झाला नाही. मिंटवाले मात्र आपल्या आवृत्त्यांना बायकांची नावे देतात, आणि ती 'आ'कारान्त असतात. २००६ साली 'एडा'पासून सुरुवात झाली. त्यात २०१२ ची 'माया' आहे, २०१८ ची 'तारा' आहे आणि २०२१ ची चक्क 'उमा' आहे. म्हणजे आयर्लंडात राहणारा एक फ्रेंच माणूस आवृत्त्यांचे बारसे करतो आणि मधूनच एखादी आपल्या आळीतली निघते. आत्याच्या लॅपटॉपवर तेव्हा उमाच होती.

तर भाचा बैठकीत बसून मित्राला फोनवर सांगत होता, "उमा आता जुनी झाली रे. व्हेनेसा आणायची. पण उमावरून थेट व्हेनेसावर जाता येत नाही, मध्ये उनाला आणावं लागतं. उना आली की महिनाभर राहायची पण गरज नाही, लगेच व्हेनेसा."

स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी द्यायचा थांबला, असे मला वाटले. आत्या पदराला हात पुसत बाहेर आली.

"तिच्या माहेरी कळवलंय का?" तिने विचारले.

आत्या विवेकवर्धिनीत गणित शिकवून निवृत्त झाली आहे, हे भाचा अडाणी माणसे मोजताना विसरला होता. बडी चावडीच्या घरात जन्म, शाळेत मराठी, बाजारात दखनी, शेजारी तेलुगू. असा माणूस एरवी कुठल्याच अर्थाने अडाणी नसतो. पण संगणकावर ती फक्त नातीशी बोलते, मराठी अंक वाचते आणि पत्त्यांचा डाव लावते. टर्मिनल तिने कधी उघडलेले नाही. भाच्याच्या दृष्टीने ती सोन्याची खाण होती. लॅपटॉप सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून जुना घेतलेला, बॅटरी नावापुरती, म्हणजे यंत्रही सामान्य माणसाचेच.

पण पहिली पाळी तळमजल्यावरच्या गृहस्थांची आली. ते सैफाबादच्या एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयातून, निवृत्त झाले आहेत. त्यांच्या यंत्रावर उबुंटूची फोकल फोसा होती. उबुंटूत दीर्घायुषी आवृत्तीवाल्यांना नवी आवृत्ती लगेच पुढे केली जात नाही. एप्रिलमध्ये निघालेली आवृत्ती आधी उत्साही लोकांकडून वाजवून घेतात, तिची पहिली दुरुस्त प्रत निघते, आणि मग सामान्य माणसाच्या पडद्यावर 'नवी आवृत्ती उपलब्ध आहे' अशी खिडकी उगवते. त्या वर्षी ही प्रत ४ ऑगस्टला यायची होती, ती ११ ला आली.

"सात दिवसांचा विलंब का?" गृहस्थांनी चष्मा वर सरकवला.

स्नॅप नावाच्या प्रकारात आयत्या वेळी एक दोष सापडला, म्हणून आठवडा पुढे ढकलले, असे भाच्याने सांगितले.

"लेखी कळवलं होतं?"

"हो, जाहीर केलं होतं."

"मग हरकत नाही." उबुंटूबद्दल त्यांचे मत तिथेच चांगले झाले. लेखी कळवलेला विलंब हा त्यांच्या मते विलंबच नसतो.

मग त्यांनी बदलांची टिपणी वाचायला घेतली. ही टिपणी दर आवृत्तीबरोबर येते आणि माझी अशी समजूत आहे की ती संपूर्ण वाचणारे ते पृथ्वीतलावरचे पहिले गृहस्थ असावेत. लिहिणाऱ्यांनीही ती पूर्ण वाचली असेल असे मला वाटत नाही. पुढची खिडकी आली: इतकी पॅकेजे काढली जातील, इतकी नवी बसतील, इतकी बदलली जातील, सुरू करायचे का? साधा माणूस 'सुरू करा' दाबतो. यांनी 'तपशील' दाबला आणि काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी वहीत उतरवायला सुरुवात केली. भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण चाचणीचा नियमच असा की बघणाऱ्याने तोंड उघडायचे नाही. चहा झाला. पुन्हा चहा झाला. खिडकी बिचारी तशीच उभी होती. तिचा संयम तपासला गेला, हे अहवालात लिहायला भाचा विसरला नाही.

मध्येच पडद्यावर प्रश्न आला: तुम्ही अमुक फाइलमध्ये बदल केलेले आहेत, तुमची फाइल ठेवायची की नवी घ्यायची? अपग्रेडमध्ये हा प्रश्न नेहमीचा. लिनक्समध्ये सगळ्या सवयी साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेल्या असतात. कुणी कधी त्यात हात घातला असेल, तर यंत्र विचारल्याशिवाय पुसत नाही. सभ्यपणाच आहे तो. पण गृहस्थ खुर्चीत सरळ झाले.

"मी कोणत्याही फाइलमध्ये बदल केलेला नाही."

शांतता.

"मग कोणी केला?"

भाचा खिडकीबाहेर बघू लागला. दोन वर्षांपूर्वी प्रिंटर जोडून देताना त्यानेच केव्हातरी केला असणार. गृहस्थांनी वहीचे पान मधोमध दुमडले. डाव्या बाजूला आक्षेप, उजवी बाजू उत्तरासाठी कोरी. एजी ऑफिसात याला हाफ मार्जिन म्हणतात आणि तिला मोठमोठी खाती घाबरत असत. नियम मोडून भाचा बोलला, "काका, जुनी ठेवा, काही बिघडत नाही."

"तुमचं म्हणणं उजवीकडे लिहा. सही करा."

अपग्रेड व्यवस्थित झाले. हाफ मार्जिन अजून निकाली निघालेली नाही.

या गृहस्थांना उगाच हसू नये. अपग्रेडला घाबरायला माणसांजवळ कारणे आहेत. २०१० साली उबुंटूने खिडकी बंद करायचे बटण उजवीकडून उचलून डावीकडे नेले. कोणी मागितले नव्हते. लाखो लोकांचे हात वर्षानुवर्षे उजव्या कोपऱ्यात जात होते, ते एका रात्रीत हवेत फिरू लागले. २०१७ मध्ये ती बटणे पुन्हा उजवीकडे आली, म्हणजे तोपर्यंत ज्यांनी डावीकडची सवय लावून घेतली होती तेही गेले. २०११ मध्ये ग्नोमने आपला सगळा डेस्कटॉपच नव्याने मांडला. खालची पट्टी गेली, मेनू गेला. इतका आरडाओरडा झाला की त्या रागातून मिंटवाल्यांनी 'सिनॅमन' नावाचा जुन्या वळणाचा डेस्कटॉप उभा केला. पुदिना झाला, दालचिनी झाली. हैदराबादच्या माणसाला बिर्याणीचे अर्धे सामान घरात आल्यासारखे वाटते. आणि नावांचेच काढले आहे तर हेही सांगतो: याच्या पुढच्या वर्षी, २०२३ च्या ऑगस्टमध्ये, आपल्या संरक्षण मंत्रालयाने विंडोज काढून उबुंटूवर बेतलेली स्वदेशी प्रणाली बसवायला घेतल्याच्या बातम्या आल्या. तिचे नाव 'माया' आणि तिच्याबरोबरच्या सुरक्षाकवचाचे नाव 'चक्रव्यूह'. आत जायचा रस्ता ठाऊक, बाहेर यायचा नाही, अशी जी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे, ती ठाऊक असूनही हे नाव ठेवणाऱ्याला मी मानतो.

आत्याची चाचणी रविवारी सकाळी ठेवली. तळमजल्यावरचे गृहस्थ पंच म्हणून वर आले, वहीसकट. उमावरून उनावर जाणे अगदीच सोपे निघाले. अपडेटच्या खिडकीत एक ओळ होती, ती दाबली, झाले. पण उनावरून व्हेनेसावर जायचे नवे साधन मात्र आधी बसवावे लागते. आणि ते बसवायचे कसे?

"टर्मिनल उघडून," भाचा हळू आवाजात म्हणाला.

आत्याने त्याच्याकडे नुसते पाहिले. वर्गात मागच्या बाकावर कुजबुज झाली की ती पाहत असे तसे.

"म्हणजे ज्यांना टर्मिनल उघडता येत नाही त्यांच्यासाठी केलेलं हे बटण, टर्मिनल उघडलं की दिसतं?"

"आत्ती, फक्त दोनच आज्ञा."

"मला आज्ञा मोजू नकोस. प्रमेयात हे चालत नाही. जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलंयस."

मिंटच्या सूचनांतच तसे लिहिलेले आहे, त्यात लपवाछपवी नाही. आधी आज्ञा देऊन साधन बसवा, मग आणखी एक आज्ञा देऊन ते सुरू करा, आणि मग एकदा खिडकी उघडली की पुढे सगळे बटणांवर. आत्याने त्या दोन ओळी एकेक अक्षर बघून टाइप केल्या. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर अक्षरांच्या जागी नुसत्या चांदण्या उमटतात. ते पाहून तिने लॅपटॉप उचलून हलवून बघितला. पण तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले ते पाहून भाचा अस्वस्थ झाला. एक अडाणी माणूस हातचा जात होता.

खिडकी उघडली. साधन आधी झडती घेते. सगळे अद्ययावत आहे का? टाइमशिफ्टने यंत्राची प्रतिमा काढून ठेवली आहे का, म्हणजे काही बिघडले तर मागे येता येईल? नव्हती. मग काढा. ते झाले. मग यादी आली अनाथ पॅकेजांची. म्हणजे अशी पॅकेजे, जी आज यंत्रावर आहेत पण नव्या आवृत्तीच्या कोठारात ज्यांचे कोणी नाही. ठेवायची तर तसे सांगा, नाहीतर काढून टाकणार.

"अनाथांना काढून टाकणार?" आत्या.

"नोटीस दिली आहे का?" पंच.

दोघांनी मिळून एकेक अनाथ तपासला. एक जुना शब्दकोश होता, त्याला आत्याने अभय दिले. बाकीच्यांची ओळख पटली नाही. ओळख न पटलेल्यांना काढण्यापूर्वी त्यांची बाजू ऐकून घेतली पाहिजे, असा मुद्दा पंचांनी वहीत नोंदवला, आणि त्या मुद्द्याने पुढे काय केले ते येईलच.

डाउनलोड सुरू झाले आणि नेमकी वीज गेली. ऑगस्टचा पाऊस, त्यात नवल नाही. लॅपटॉपच्या बॅटरीवर भरवसा नव्हता. इन्व्हर्टरवर ट्यूब, पंखा आणि वायफाय एवढेच चालते, म्हणून पंखा बंद करून त्या जागी लॅपटॉप लावला. आम्ही चौघे त्या दमट हवेत एका पट्टीकडे बघत घाम पुसत बसलो. ग्राफिकल चाचणीच्या कागदावर खोलीचे तापमान लिहायला रकाना नसतो.

तेवढ्यात दारावर थाप. गणपती महिनाअखेरीला होते, वर्गणीची पोरे आली होती.

"आंटी, गणेश का चंदा. पाँच सौ लिख दूँ?"

"अब्बी उठ नै सकती बेटा, मशीन में काम चल रा."

"कित्ता टाइम लगता आंटी?"

"वो मशीन कोच नै मालूम."

पोरगा चप्पल काढून आत आला, पडद्यावर वाकला आणि म्हणाला, "अरे, मिंट! फोकल बेस से जॅमी पे जा रै? आंटी, मिरर चेंज कर लो, फास्ट होता." बी.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला होता. भाच्याने त्याला पाचशे रुपये दिले आणि दाराबाहेर काढले. चाचणी बाटायला नको.

पट्टी पुढे सरकत होती, थांबत होती, परत सरकत होती. खाली ओळींमागून ओळी धावत होत्या. तो सगळा प्रकार बघताना मला जाणवले, की अपग्रेडमध्ये आम्हाला सगळ्यांत जास्त धीर कशाने येत होता, तर त्या न कळणाऱ्या ओळींनी. ओळी धावतात तोवर सगळे ठीक. ओळ थांबली की चौघेही पुढे झुकत. जे साधन माणसाला या ओळींपासून सोडवायला बनवले होते, त्याच्यातल्या त्याच ओळींकडे आम्ही डोळे लावून होतो. आत्या तर काही ओळी मोठ्याने वाचून दाखवू लागली, पुराण सांगावे तशी.

यंत्र बंद झाले, परत उठले. व्हेनेसा आली. भिंतीवरचे नातीचे चित्र जिथल्या तिथे. आता चाचणीचा दुसरा भाग, काय चालते आणि काय नाही. आत्याचे कानात घालायचे यंत्र ब्लूटूथवर चालते. मिंटने या आवृत्तीत ब्लूटूथची जुनी व्यवस्था काढून दुसरी आणली आहे, चित्र वेगळे, खिडकी वेगळी. भाच्याला वाटले, इथे हमखास अडणार. त्याने वहीवर तारीख घालून ठेवली होती. आत्याने पट्टीवरच्या नव्या चित्रावर बोट नेले, दाबले, कानातून नातीचा आवाज यायला लागला. "एवढं त्यात काय, दुसरं कोणतं चित्र नवं होतं?" ती म्हणाली.

मग तिने स्वतःची एक चाचणी घेतली, जी कोणाच्याच कागदावर नव्हती. तिने टाइप केले: 'वाऱ्याने पायऱ्यांवर कैऱ्या पडल्या.' ते र-य चे जोडाक्षर नीट उमटते की फाटते, हे ती प्रत्येक नव्या यंत्रावर आधी बघते. जगात कुठेही बसलेला तपासनीस हे तपासणार नाही. त्याला वाऱ्याचे आणि कैऱ्यांचे काय. जोडाक्षर सुबक उमटले. तिथे व्हेनेसाला आत्याने घरात घेतले, असे मी समजतो.

राहिला अहवाल. रकाने ठरलेले होते: काय केले, काय अपेक्षित होते, प्रत्यक्ष काय झाले.

"अपेक्षित काय होतं?" भाच्याने विचारले.

"मला काहीच अपेक्षा नव्हती," आत्या म्हणाली, आणि भाच्याने ते तसेच लिहिले. पुढे प्रत्यक्ष काय झाले: वीज गेली, वर्गणी गेली, व्हेनेसा आली.

पंचांचा मात्र अनाथांचा मुद्दा शिल्लक होता. "हे कुठे पाठवायचं?"

उबुंटूच्या तक्रारी लाँचपॅड नावाच्या ठिकाणी जातात आणि प्रत्येकीला क्रमांक मिळतो, हे ऐकून त्यांचा आनंद वाढला. तिथली एक नंबरची तक्रार तर उबुंटूच्या संस्थापकानेच, मार्क शटलवर्थ यांनी, २००४ च्या ऑगस्टमध्ये टाकली होती: बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा सर्वांत मोठा आहे, हा दोष दूर करावा. २०१३ मध्ये ती निकाली काढली. "नऊ वर्षं," गृहस्थ म्हणाले. "चांगला वेग आहे."

"पण आत्तीचं यंत्र मिंटचं," भाचा म्हणाला. "मिंटच्या तक्रारी गिटहबवर जातात."

"ते कोणाचं?"

भाचा थोडा घुटमळला. "मायक्रोसॉफ्टचं. २०१८ पासून."

खोलीत सगळ्यांच्या नजरा छताकडे गेल्या. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ मायक्रोसॉफ्टच्या गच्चीबौलीच्या आवारात नोकरीला आहेत. १९९८ साली कंपनीने भारतातले विकासकेंद्र याच शहरात काढले, आणि पुढे सत्या नडेला या बेगमपेठच्या हैदराबाद पब्लिक स्कूलच्या विद्यार्थ्याच्या हाती सगळी कंपनीच आली. तेव्हापासून कंपनीचा लिनक्सवरचा जुना राग जाऊन प्रेम जडले आहे, असे कंपनी स्वतःच सांगते. वरचे गृहस्थ स्वभावाने गरीब आहेत. रविवारी दुपारी ते झोपतात.

"म्हणजे तक्रार सक्षम अधिकाऱ्याकडे प्रत्यक्ष देता येईल," पंच उठले. अनाथ पॅकेजांना म्हणणे मांडण्याची संधी देण्याबाबतचा आक्षेप त्यांनी स्वच्छ अक्षरात दोन प्रतींत लिहून काढला. त्यांचा संबंध उबुंटूशी, यंत्र मिंटचे, दोष असलाच तर मिंटच्या घरचा, आणि वरचे गृहस्थ ज्या खात्यात आहेत तिथे गिटहबचा वाराही येत नाही, हे सगळे भाचा जिन्यावरून खालपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात समजावून सांगत त्यांच्यामागे गेला.

बेल वाजली. दार उघडले. बराच वेळ काही बोलणे ऐकू आले नाही. मग वरचे गृहस्थ झोपाळू डोळ्यांनी कागद उलटसुलट करून बघत असावेत, कारण त्यांनी पेन मागितले. दुसऱ्या प्रतीवर त्यांनी तारीख घातली, सही केली आणि वीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव पणाला लावून सहीच्या खाली लिहिले: 'मिळाले. मजकूर तपासलेला नाही.'